घसा असह्य दुखत असेल तर: डॉक्टरांकडे कधी जायचं, काय सांगायचं, काय विचारायचं

कराडच्या एका कान-नाक-घसा दवाखान्यात मी सिस्टर आहे. केसपेपर निघाला की पेशंट आधी माझ्याकडे येतो. ताप, वजन, बीपी बघायचं, काय होतंय ते चार ओळींत लिहायचं आणि मग आत पाठवायचं, हे माझं काम. पावसाला सुरुवात झाली की, आणि पुन्हा दिवाळीनंतर थंडी पडली की, बाकावरचे निम्मे लोक गळ्याला मफलर नाहीतर ओढणी गुंडाळून बसलेले असतात. "सिस्टर, घसा पार धरलाय", "थुंकीसुद्धा गिळवंना झालीय", "पाण्याचा घोट घेतला तरी काटे टोचल्यागत होतंय." यातल्या कित्येकांची एक खेप तरी वाचली असती, आणि काही थोडे असे असतात की त्यांनी आदल्या रात्रीच यायला हवं होतं.

कुठलं औषध घ्यायचं हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांनी घसा बघून ठरवायचं. पण डॉक्टरांपाशी तुमच्यासाठी पाच-सात मिनिटं असतात. त्या मिनिटांत नेमकं सांगितलं, नीट दाखवलं आणि योग्य ते विचारलं, तर उपचार बरोबर दिशेनं सुरू होतो. त्याची तयारी घरूनच करायची असते.

आधी बघा: आत्ताच निघायचं का?

पुढची लक्षणं असतील तर सकाळची वाट बघायची नाही.

थुंकी गिळता येत नाही म्हणून लाळ बाहेर गळतेय. श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय. माणसाला आडवं पडवत नाही, तो पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून बसतोय. ओठ किंवा नखं निळसर दिसतायत. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा, किंवा हाताशी गाडी असेल तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, जिथे रात्री भूलतज्ज्ञ हजर असतो. पेशंटला बसलेलाच ठेवा, जबरदस्तीनं झोपवू नका. पाणी, काढा, गोळी काही देऊ नका. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते, लहान मूल असेल तर "बघू घशात काय झालंय" म्हणून चमचा घालून जीभ दाबू नका. श्वासनलिकेच्या तोंडावरचं झाकण सुजलेलं असेल तर तेवढ्या धक्क्यानंही वाट बंद होऊ शकते. अशा मुलाचा घसा डॉक्टरसुद्धा सगळी तयारी जवळ ठेवूनच बघतात.

दुसरं, एकाच बाजूचं दुखणं. गेल्या पावसाळ्यात एक कॉलेजचा मुलगा वडिलांबरोबर आला. चार दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खात होता. मी नाव विचारलं तर तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज. "आ कर" म्हटलं तर जेमतेम एक बोट जाईल एवढंच तोंड उघडत होतं, आणि मान डावीकडे कललेली. मी केसपेपर हातात घेऊन तशीच आत गेले आणि त्याचा नंबर आधी लावला. टॉन्सिलच्या मागे पू साठला होता, पडजीभ मधली जागा सोडून पलीकडे ढकलली गेली होती. डॉक्टरांनी सुईनं पू ओढून काढला, सिरिंज भरली. थोड्या वेळानं त्यानं स्वतःहून पाणी मागितलं आणि प्यायला. असा पू नुसत्या गोळ्यांनी सहसा जिरत नाही, तो काढावाच लागतो, आणि राहिला तर मानेत खाली उतरू शकतो. म्हणून एका बाजूला फार कळ, त्याच बाजूच्या कानात ठणका, तोंड उघडत नाही आणि आवाज बदललेला, असं सगळं एकत्र आलं की त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. मान आखडून वळत नसेल तरी तेच.

तिसरं, घशात करड्या रंगाचा, चिकटून बसलेला पापुद्रा आणि मान दोन्ही बाजूंनी फुगलेली. हा घटसर्प असू शकतो. तो संपला असं लोकांना वाटतं, पण लसीचे डोस चुकलेल्या मुलांत आणि मोठ्यांतही तो अजून आढळतो. खरवडून बघू नका, रक्त येतं. घटसर्पाला वेगळं प्रतिविष द्यावं लागतं आणि ते जितक्या लवकर मिळेल तितकं चांगलं, म्हणून सरकारी किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा. बाळाच्या ६, १० आणि १४ व्या आठवड्याच्या लशी, दीड-दोन वर्षांचा आणि ५-६ वर्षांचा बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षीचं इंजेक्शन हे सगळं यासाठीही असतं. लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या.

चौथं फार कमी लोकांना माहीत असतं. थायरॉइड वाढल्यावर देतात ती कार्बिमाझोलची गोळी, संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, किंवा कॅन्सरची केमो चालू असेल आणि घसा दुखून ताप आला, तर ते साधं दुखणं धरायचं नाही. ही औषधं क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतात, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा घशातच दिसते. त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करून घ्या आणि ज्या डॉक्टरांनी ते औषध लिहिलंय त्यांना फोन करा. केसपेपर लिहिताना मी प्रत्येक तापवाल्या पेशंटला विचारते, "थायरॉइडची गोळी? वाढलेल्याची की कमी झालेल्याची?" बरेच जण "नुसती थायरॉइडची" म्हणतात. म्हणून स्ट्रिपच आणा.

आणि सात-आठ तासांत लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील, मूल मलूल पडून राहिलं असेल, तर घशापेक्षा आधी सलाईनची गरज असू शकते.

यातलं काही नसेल तर किती दिवस थांबायचं

घसादुखीची बहुतेक दुखणी विषाणूंची असतात. नाक वाहतंय, शिंका, खोकला, डोळे लाल, आवाज बसलाय आणि त्याबरोबर घसा दुखतोय, असं असेल तर ते जवळजवळ नक्की सर्दीच्या विषाणूचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं जोरात असतं, मग उतरायला लागतं आणि आठवड्यात जातं. अँटिबायोटिकचा त्यावर काही परिणाम होत नाही. तीन दिवस घरी काढायला हरकत नाही. वाढतच गेलं किंवा तीन दिवसांवर ताप राहिला तर दाखवा.

उलट असं चित्र असेल तर थांबू नका: घसा अचानक, तासाभरात धरावा तसा धरला, १००.४ च्या वर ताप, खोकला अजिबात नाही, टॉन्सिल लाल-सुजलेले आणि त्यांवर पांढरे ठिपके, जबड्याच्या कोनाखाली बोटानं दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी. यातली ताप, खोकला नसणं, टॉन्सिल आणि गाठी ही चार लक्षणं डॉक्टर मोजतात. जितकी जास्त जमतील तितका स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूचा संशय वाढतो. वयही बघतात, कारण हा जिवाणू ५ ते १५ वर्षांच्या मुलांत जास्त. अंगावर सँडपेपरसारखं खरखरीत लाल पुरळ असेल तर संशय आणखी पक्का.

मुलांच्या बाबतीत मी एवढी आग्रही का, तर मी आधी एका सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात होते. तिथे दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला येणारी पोरं-पोरी मी पाहिल्यात. लहानपणी घसा दुखून गेला, दोन-तीन आठवड्यांनी गुडघे-घोटे सुजले, आज हा सांधा तर उद्या तो, आणि मग हृदयाची झडप बिघडली. संधिवाताचा ताप म्हणतात तो हाच. स्ट्रेप्टोकोकसविरुद्ध लढणारं शरीर चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. एकवीस दिवस झाले की ते इंजेक्शन, वर्षानुवर्षं. काहींना पुढे झडपेचं ऑपरेशन. लग्न ठरलेली एक मुलगी होती, तिची आई दर वेळी दाराबाहेर उभी राहून पुसायची, "हे आता किती वर्सं?" घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तर हे टाळता येतं. म्हणजे घाईघाईनं रात्री बारा वाजता धावायची गरज नाही, पण "जाईल आपोआप" म्हणून दोन आठवडे काढायचेही नाहीत. आणि मुलाला एकदा हा ताप येऊन गेला असेल तर पुढच्या प्रत्येक घसादुखीला पहिल्याच दिवशी डॉक्टर.

कोणाकडे जायचं

पहिल्यांदा नेहमीचे फॅमिली डॉक्टर पुरेत. त्यांना तुमची शुगर, अॅलर्जी, जुनी दुखणी माहीत असतात, आणि साधा घसा ते रोज बघतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर लागतात ते वर सांगितल्यासारखा पू झाला असेल तर, काटा अडकला असेल तर, वारंवार टॉन्सिल येत असतील तर, आणि दुखणं किंवा आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला असेल तर. या शेवटच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सरकारी सोय विसरू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, औषधं मोफत आहेत. उपजिल्हा रुग्णालयात घशाचे तज्ज्ञ ठरावीक वारीच बसतात असं असू शकतं, तेवढं आधी विचारून जा. खासगीत जाताना तपासणी फी आणि दुर्बिणीतून घसा बघायची वेगळी फी काउंटरवरच विचारा. विचारण्यात कमीपणा काही नाही, आम्हाला रोज विचारतात.

शक्यतो सकाळी जा. लॅब उघडी असते, रक्त दिलं तर संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हातात येतो, आणि भरती व्हायची वेळ आलीच तर दिवस हाताशी असतो. संध्याकाळी आठला आलेल्या पेशंटला यातलं काहीच धड मिळत नाही.

घरून निघण्याआधी

एक चिठ्ठी लिहा. मोबाइलवर लिहिली तरी चालेल, पण मला कागद आवडतो, कारण तो केसपेपरला टाचता येतो. घसा दुखणाऱ्या माणसाला बोलवत नाही, आणि बरोबर आलेल्याला वार आठवत नाहीत. एका बाईंनी नवऱ्यासाठी लिहून आणलेली चिठ्ठी साधारण अशी होती:

"वय ४२. मंगळवारी संध्याकाळपासून घसा दुखतो, उजवीकडे जास्त, उजव्या कानात कळ. बुधवारी रात्री ताप १०२. गुरुवारी पहाटे १०१, सात वाजता पॅरासिटामॉल ६५० दिली, नऊला ९९. खोकला नाही, सर्दी नाही. पाणी घोट घोट जातं, भाकरी जात नाही, चहा जातो. धाकटीला चार-पाच दिवसांपूर्वी घसा-ताप होता. शुगरची गोळी चालू (स्ट्रिप आणली आहे). सल्फाच्या गोळीने पूर्वी अंगावर गांधी उठल्या होत्या. तंबाखू खातात."

डॉक्टरांनी ती वाचली आणि सरळ टॉर्च हातात घेतला. विचारायचं जवळपास काही उरलंच नव्हतं. तुमच्या चिठ्ठीत एवढं हवंच: कुठल्या वारापासून, किती ताप, कुठली बाजू, काय गिळतं आणि काय नाही, खोकला-सर्दी आहे की नाही, घरात किंवा शाळेत आणखी कोणाला, चालू औषधं, कुठल्या औषधाची अॅलर्जी, आणि आत्तापर्यंत काय काय घेतलं. बाई गरोदर असेल किंवा बाळाला पाजत असेल तर ते सगळ्यात वर. "कणकण होती" एवढं पुरत नाही, थर्मामीटर लावा. पारा दीडशे-दोनशे रुपयांच्या डिजिटल थर्मामीटरनंही कळतो.

मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक सुरू करून येऊ नका, ही माझी सगळ्यात मोठी विनंती. अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची स्ट्रिप लोक गोळ्या-बिस्किटांसारखी मागतात. त्यातल्या दोन खाल्ल्या, बरं वाटलं, एक डब्यात ठेवली, चार दिवसांनी पुन्हा घसा धरला, मग दवाखाना. अशा वेळी घशाचा स्वॅब (कापसाच्या काडीनं पुसून घेतलेला नमुना) घेतला तरी जिवाणू दबलेले असतात, रिपोर्ट स्वच्छ येतो आणि डॉक्टरांना अंदाजानं पुढे जावं लागतं. स्ट्रिपच्या कडेला उभी लाल रेघ दिसली की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे सरकारनं २०१६ पासून सांगितलंय. घेऊन झालंच असेल तर लपवू नका. कोणी रागावणार नाही, पण माहीत नसलं तर उपचार चुकतो.

ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घेतलेलं चालतं, फक्त वेळ सांगा. पावसाळ्यात डेंगीची साथ असते, म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मुलांना अॅस्पिरिन तर नाहीच. आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलाला नायमेसुलाइड द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी घरातल्या मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देणारे मी पाहिलेत.

येण्याआधी तासभर पोटभर खाऊ नका, जीभ दाबली की उलटी होते. पान, मिश्री, हळदीच्या गुळण्या, रंगीत औषधाच्या गुळण्या करून येऊ नका, घशाचा खरा रंगच दिसत नाही. मास्क लावा, बाकावर शेजारी कोणाचं तान्हं बाळ असतं.

आणि गावाकडे अजून चालतं ते, पडजीभ पडली म्हणून कोणाकडून अंगठ्यानं दाबून घेणं. ते अजिबात करू नका. सुजलेल्या, पू भरलेल्या घशात मीठ लावलेला अंगठा घातल्यानं जखम होते, पलीकडे काही नाही. बाहेरून हळद-चुन्याचा कडकडीत लेप लावूनही कातडी भाजून आलेली मुलं येतात.

आत गेल्यावर

मोठ्यांनी खुर्चीत पाठ टेकून ताठ बसायचं. जीभ बाहेर काढायची नाही, तोंडातच सैल सोडायची, आणि तोंडानं हळूहळू श्वास घेत "आऽ" म्हणायचं. लोक श्वास रोखून धरतात, त्यानं जीभ वर उचलली जाते आणि मग चमचा जास्त दाबावा लागतो. उमाळा येणाऱ्यांनी आधीच सांगावं, डॉक्टर कडेनं बघतात. स्वरयंत्र बघायचं असेल तर जीभ कापडात धरून पुढे ओढतात आणि घशात आरसा किंवा दुर्बीण धरतात. दुखत नाही, नुसतं विचित्र वाटतं. नजर समोरच्या भिंतीवर ठेवा.

मुलाला "सुई देतील हं" अशी भीती घालून आणू नका. टोचणार नाहीत असं खोटंही सांगू नका. आईनं किंवा बाबानं मुलाला मांडीवर, पाठ आपल्या छातीला लावून बसवायचं, मुलाचे पाय आपल्या दोन्ही मांड्यांत धरायचे, एका हातानं त्याचे दोन्ही हात पोटाशी, दुसरा हात कपाळावर. असं घट्ट धरलं की बघणं पाच सेकंदात होतं. सैल धरलं की तीनदा प्रयत्न होतो आणि मूल पुढच्या वेळी दारातूनच रडायला लागतं.

डॉक्टर घसा बघून मानेच्या गाठी चाचपतील, कान बघतील, कधी पोटही. पोट कशाला, असं लोक विचारतात. काही तरुण मुलांत घसादुखीबरोबर मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी येतात, खूप थकवा असतो आणि प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असते ती पाणथरी, वाढते. तो विषाणूचाच ताप, पण त्यात अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठतं, आणि प्लीहा वाढलेली असताना कबड्डी-कुस्ती काही आठवडे बंद ठेवावी लागते. तालमीत जात असाल तर ते सांगा.

तपासण्या सगळ्यांनाच लागत नाहीत. घशाच्या स्वॅबचा कल्चर (जिवाणू वाढवून बघायचा) रिपोर्ट यायला दीड-दोन दिवस जातात. लगेच निकाल देणारी किटही आहे, पण सगळीकडे मिळत नाही. स्ट्रेप्टोकोकस होऊन गेला का हे बघणारी एएसओ नावाची रक्ततपासणी बरेच जण स्वतःहून करून आणतात. तिचा आकडा जुन्या संसर्गानंतरही चढलेला राहतो आणि नव्या दुखण्यात आठवडाभरानं चढतो, आजच्या घशाबद्दल तो काही सांगत नाही.

उठण्याआधी एवढं विचारा: हे विषाणूचं आहे की जिवाणूचं वाटतं? अँटिबायोटिक दिलं असेल तर किती दिवस? काय झालं तर पुन्हा यायचं, आणि नाहीतर कधी? इंजेक्शन दिलं तर त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. पुढच्या डॉक्टरला ते लागतं. आणि "डॉक्टर, एक सुई टोचाच" असा हट्ट धरू नका. गिळताच येत नसेल, उलट्या होत असतील, तर इंजेक्शनचं कारण असतं. नुसतं लवकर बरं वाटावं म्हणून ते मागायची गोष्ट नाही.

अँटिबायोटिक लिहिलं नाही म्हणून काही जण बाहेर येऊन नाराज होतात, आणि साधं अमॉक्सिसिलिन लिहिलं तर आणखी. "भारीतलं द्या की." तुम्हाला खरं सांगते, स्ट्रेप्टोकोकसला पेनिसिलिन आणि त्याच्या घरातलं अमॉक्सिसिलिन आजही पुरून उरतं. १९२८ साली फ्लेमिंगला सापडलेलं औषध, आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला तो याच पेनिसिलिनसाठी, आणि इतक्या वर्षांत हा जिवाणू त्याला दाद न देणारा झालेला नाही. महागड्या गोळ्यांबद्दल तसं म्हणता येत नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तरच दुसरं लागतं. नुसती मळमळ म्हणजे अॅलर्जी नव्हे. गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं ही अॅलर्जी. नेमकं काय झालं होतं ते सांगा.

घरी आल्यावर

स्ट्रेप्टोकोकससाठी अमॉक्सिसिलिन दहा दिवसांचं असतं. दोन-तीन दिवसांत ताप जातो, जेवण सुरू होतं आणि पाचव्या दिवशी बाटली फ्रिजमागे जाते, हे मला पाठ झालंय. हृदय वाचवायचं असेल तर दहाही दिवस. मुलांचं पातळ औषध उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत बनवा, दर वेळी हलवा, आणि बाटलीबरोबरच्या झाकणानं किंवा सिरिंजनं मोजा, घरातल्या चमच्यानं नको. अँटिबायोटिक सुरू होऊन चोवीस तास झाले आणि ताप नसला की शाळेत पाठवायला हरकत नाही.

अठ्ठेचाळीस तासांत ताप उतरायला लागला नाही, दुखणं एका बाजूला सरकलं, तोंड उघडेना, पुरळ उठलं, लघवी लाल किंवा चहाच्या रंगाची झाली, सांधे सुजले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता परत या. जुना केसपेपर आणि उरलेल्या गोळ्या घेऊन.

गुळण्यांना एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाचदा. कोमट म्हणजे कोमट, उकळतं नाही. मऊ भात, पेज, मुगाचं पातळ वरण, जे जाईल ते. गार दूध किंवा आइस्क्रीमनं बरं वाटत असेल तर खा, त्यानं घसा बिघडत नाही. पोरं पाणी पीत नाहीत तेव्हा तेच कामाला येतं. मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला कधीही नाही. चुलीच्या धुराजवळ, वीटभट्टीवर, गुऱ्हाळावर काम असेल तर चार दिवस तरी तोंडाला ओला रुमाल बांधा.

मासा खाताना काटा अडकला म्हणून येणारे वेगळे. त्यांना एकच सांगणं, भाताचे गोळे, केळं गिळून काटा खाली ढकलायला जाऊ नका. तो आणखी खोल रुततो. उपाशीच या.

आता ते तीन आठवड्यांचं. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यातलं काहीही असलेल्या माणसाचा घसा, एका बाजूचा कान किंवा आवाज तीन आठवड्यांवर बिघडलेला राहिला, मानेत न दुखणारी गाठ आली, गिळताना अडकायला लागलं, थुंकीत रक्त दिसलं, तर गुळण्या आणि अँटिबायोटिकचे कोर्स बदलत बसू नका. दुर्बिणीतून घसा बघून घ्या. मिश्री लावणाऱ्या बायका हे कोणाला सांगत नाहीत, डॉक्टर पुरुष असले तर नाहीच. माझ्या टेबलापाशी सांगा. मी केसपेपरवर लिहीन, आत पुन्हा बोलावं लागणार नाही. सुरुवातीला सापडलं तर उपचार होतो. चार महिने काढा पिऊन आलेल्या माणसाला बघताना काय वाटतं ते मला ठाऊक आहे.

टॉन्सिल पुन्हा पुन्हा येत असतील तर एका वहीत तारखा लिहून ठेवा: घसा कधी धरला, ताप किती, डॉक्टरांनी काय बघितलं, काय दिलं, शाळा किती दिवस बुडली. ऑपरेशनचा विचार साधारण एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा असा जोरदार त्रास झाला तर करतात. "सारखं येतं, मॅडम" यावर काही ठरवता येत नाही. वही असली की पहिल्याच भेटीत कळतं की काढायचे की अजून थांबायचं.